पिक्चर माझ्या गाडीवर संपतो

३ जून १९५८
उद्या पहाटे लॉस एंजेलिसला निघणार. ठरलं म्हणजे ठरलं. मामाच्या गॅरेजात लोकांच्या गाड्या पुसत आयुष्य काढायला मी जन्मलेलो नाही.

४ जून
निघालो नाही. जाता जाता मेन स्ट्रीटवर एक चक्कर मारली. मग आणखी एक. पोरं बघत होती, म्हणून आणखी थोड्या चकरा. पेट्रोल संपलं. हॉइटमामा म्हणाला, "वेंडेल, हाच रस्ता सरळ गेला की लॉस एंजेलिस. तू बँकेपाशी वळतोस, तिथंच घोळ होतो."
त्याला काय कळणार.

८ जून
पिक्चरवाले गावात आलेत. पोरांच्या मोटार-शर्यतीचा पिक्चर. क्रान्झ नावाचा माणूस मेन स्ट्रीटवर गाड्या हेरत होता. सगळ्या चकचकीत गाड्या सोडून माझ्या फोर्डपाशी थांबला. दाराला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "हीच. आपला पिक्चर हिच्यावरच संपतो."
माणसाला नजर आहे.

९ जून
गाडी देऊन टाकली. पैसे नकोत म्हटलं, पडद्यावर नाव टाका. क्रान्झ दोनदा म्हणाला, "नक्की ना?" मोठ्या मनाची सवय नसते या लोकांना.
डेल्फीनला सांगितलं. ती ड्राइव्ह-इन थिएटरात, म्हणजे गाडीत बसून पिक्चर बघायच्या मैदानात, पॉपकॉर्न विकते, त्यामुळं स्वतःला पिक्चरमधलं कळतं असं समजते. म्हणाली, "जिंकणारी गाडी असती तर तुझी कशाला घेतली असती रे?" जळते.

११ जून
मामा म्हणतो, पिक्चरवाल्यांनी माझ्या गाडीचं इंजिन काढून ठेवायला सांगितलंय. "बिनइंजिनाची गाडी शर्यत कशी जिंकते, ते मलाही बघायचंय."
कॅमेऱ्याची करामत असते. मामाला कुठं समजावत बसू.

१२ जून
शूटिंग झालं. नदीवरच्या कड्यापाशी. माणसांनी माझी गाडी मागून ढकलली. शेवटच्या क्षणी थांबवतील असं वाटलं होतं.
खाली जाऊन पेटली. छान पेटली. क्रान्झ म्हणाला, "एका टेकमध्ये ओके." माझ्या गाडीला रिटेक लागला नाही, हे इथं लिहून ठेवतो.
पिक्चर लागेपर्यंत गावातच राहायचं ठरवलं. कुणी अडवलं म्हणून नाही. मीच ठरवलं.

१२ एप्रिल १९५९, सकाळ
काल ड्राइव्ह-इनला पिक्चर लागला. पायीच गेलो. फाटकावरचा माणूस म्हणाला, "इथं गाडीतून यायचं असतं." म्हटलं, गाडी आधीच आत आहे. शेवटी डेल्फीननं मागच्या कुंपणातून घेतलं आणि बसायला सोड्याचा रिकामा क्रेट दिला.
माझी गाडी कड्यावरून गेली आणि सगळ्या मैदानानं हॉर्न वाजवले. इथं टाळ्या अशाच. माझ्याकडं वाजवायला काही नव्हतं. तोंडानं वाजवला. शेजारच्या गाडीतली बाई म्हणाली, "बाळ, पोटात दुखतंय का?"
मग पडद्यावर नावं सुरू झाली आणि लोकांनी निघायला गाड्यांचे दिवे लावले. दरवेळी लावतात. पडदा पांढराफटक. मी दिवे बंद करा म्हणत, हात हलवत गाड्यांमधून पळत सुटलो. एक शेवरले थांबली. आतला पोरगा म्हणाला, "लिफ्ट पाहिजे? तुझी गाडी कुठाय?"
मी पडद्याकडं बोट दाखवलं.
"तिकडं, दक्षिणेला? आम्ही लॉस एंजेलिसलाच चाललोय. चल, बस."
नको म्हटलं. आज पुन्हा खेळ आहे. नाव वाचायचं राहिलंय.