कापलेली वेणी

आई,

काल चिऊची वेणी जिने कापली, त्या पोरीची आई संध्याकाळी येणार आहे. दार तुम्हीच उघडा. मी मुद्दाम बाहेर जातेय. ती समोर आली की माझं तोंड सुटेल आणि शाळेपासूनची मैत्रीण गमावून बसेन.

चिऊचे उरलेले केस ती सारखे करून देणार आहे. पार्लर तिचंच आहे, आणि चिऊ दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू देत नाही. चहा द्या. पण "पोरंच ती, चालायचंच" असं चुकूनही म्हणू नका. काल चिऊ बाथरूमची कडी लावून रडत होती, तेव्हा ती हसत हेच म्हणाली. तेच माझ्या डोक्यात गेलंय.

पोरगी बरोबर आली तर तिला रागावू नका. आपली बावळट सकाळपासून तिचीच वाट बघतेय.

फक्त तिच्या आईच्या पिशवीतली कात्री नको. पोरीने तीच वापरली होती. आपली कात्री टेबलावर काढून ठेवलीय. मैत्रिणीने "ही कशाला?" विचारलं, तर गप्प राहा. न विचारता उचलली, तर तिला कळलं म्हणायचं; मला फोन करा. मी लगेच घरी येते.