घरच्या घरी होस्टेल

१२ मे, मंगळवार

…चाळण झाडून झाली होती, चुलीवर अंघोळीचं पाणी चढवलं होतं, आणि अर्पिता ओट्यावर बसून वेणीची रिबन शोधत होती. रिबन तिच्याच हातात होती. हे गिरणीतून ओरडले, चहात साखर कमी झाली. मी म्हटलं, डबा तुमच्या बाजूलाच आहे, हात लांब करा. त्यांनी हात लांब केला. मग पट्टा चढवला, बटण दाबलं आणि पहिलं दळण पडायला लागलं.

बस, एवढंच. त्या सकाळी काही विशेष झालं नाही. हे तापानं गेले त्याला दोन वर्षं झाली, पण ते गेले तो दिवस मला नीट आठवत नाही. ही सकाळ मात्र रोज आठवते.

असो. वही काढली ती त्यासाठी नाही. अर्पिता सातवी पास झाली आणि पुसदजवळच्या मुलींच्या निवासी शाळेत आठवीला तिचा नंबर लागला. परीक्षेला तिच्या शाळेतल्या धर्मपाल सरांनी बसवलं. मी म्हटलं, बसू दे, कुठं लागतो नंबर. लागला. वीस जूनपर्यंत अॅडमिशन कन्फर्म करायची आहे.

मी अडवणार नाही, हे इथं स्वच्छ लिहून ठेवते. नवरा गेलेल्या बाया पोरींना पदराला बांधून ठेवतात असं लोक म्हणतात. मी त्यातली नाही. मी वाचणारी बाई आहे. शाळा सातवीत सुटली, पण नंतर विहारातलं पुस्तकांचं कपाट दोनदा वाचून काढलं. अर्पिताचा निर्णय अर्पिताच घेईल. फक्त त्याआधी होस्टेल म्हणजे काय असतं ते तिला कळलं पाहिजे. ते कळलं की ती नको म्हणेल. ती नको म्हणाली तर माझा नाइलाज आहे.

१४ मे, गुरुवार

शाळेची माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. अर्पिताला विचारलं, तुला होस्टेलबद्दल काय काय विचारायचं आहे? म्हणाली, काही नाही.

ज्याला प्रश्न पडत नाहीत त्याला विषय कळलेला नसतो. म्हणून तिच्या वतीनं मीच विचार केला. रात्री उठावं लागलं तर व्हरांड्यात दिवा असतो का? पाळी आली तर कोणाला सांगायचं? भाजी आवडली नाही तर? भिंतीवर पाली आहेत का? (पालींना मी घाबरते. पण शेवटी ती माझीच पोर आहे.)

तांड्यावरची बिजलीबाई ज्वारी घेऊन आली. तिचा मुलगा आश्रमशाळेत आहे. तिला मुद्दाम अर्पितासमोर विचारलं, रडतो का? ती म्हणे, पयल्या म्हैन्यात लय रडला. मंग एकदा सुटीत घरी आला अन् मले म्हणते, याडी, तुह्या भाजीत मीठ बरोबर नाही, आमच्या मेसमधे बरोबर असते. आता रडाची पाळी माही.

अर्पिता हसली. माझ्या कामाचा एकच शब्द होता, लय रडला. तो तिनं ऐकलाच नाही.

१७ मे, रविवार

उपाय सापडला. उद्यापासून घरीच होस्टेल. पुस्तिकेतले सगळे रूल लागू. पाचला घंटा. आपलं ताट आपण घासायचं. कपडे, वेणी, अंथरूण, सगळं स्वतः. दिवा बंद झाल्यावर बोलायचं नाही. चार दिवसांत पोरगी म्हणेल, आई, नको. मी रागवणार नाही, जवळ घेईन.

१८ मे, सोमवार. सकाळी

घंटा म्हणून ताटावर पळी वाजवली. अर्पिता आधीच उठून अंथरुणाची घडी घालून बसली होती. मला म्हणे, आई, तू कायले उठली? होस्टेलात आई नसते.

पहिल्या दिवशी उत्साह असतोच.

२१ मे, गुरुवार

आज मी वॉर्डन झाले. वॉर्डन कडक असतात. ठरवलं, दिवसभर मायेचा एक शब्द बोलायचा नाही.

आठला विचारलं, जेवली का. वॉर्डनही विचारत असतील. दहाला डोक्यावर ओलं फडकं टाकून दिलं, ऊन फार होतं. दुपारी आंब्याचा रस केला. रूलमध्ये आंब्याचा उल्लेख नाही.

तिनं स्वतःची वेणी घातली. तिरपी आली. मी सोडली आणि नीट घालून दिली. ती आरशात पाहून म्हणाली, आई, तिकडं तिरपीच राहीन. चालते.

दुपारी छातीत भरून आल्यासारखं झालं. यंदा ऊन विचित्रच आहे.

२४ मे, रविवार

होस्टेलात घरी फोन फक्त रविवारी, दहा मिनिटं. त्याचीही प्रॅक्टिस घेतली. अर्पिताला समोरच्या विमलताईंकडे बसवलं. त्या अंगणवाडीतून रिटायर झाल्या, त्यांचा फोन नेहमी चार्ज असतो. मी इकडे गिरणीत बसले.

फोन आला. मी विचारलं, जेवली का. हो म्हणाली. काय भाजी होती. तू केली तेच वांगं. मग मी घड्याळाकडे पाहिलं. ती म्हणाली, आई, बोल ना, टाइम चालू आहे. मी पुन्हा विचारलं, जेवली का.

तेवढ्यात विमलताई दारातून ओरडल्या, सत्यशीला, तुहा आवाज फोनमधून बी येऊन राह्यला अन् रस्त्यावरून बी येऊन राह्यला! फोन ठेव नाहीतं तोंड ठेव!

ज्वारी घेऊन जाणारे दोघं थांबून पाहत होते. प्रॅक्टिस अर्धवट राहिली. अर्पिताला फोनवर बोलता येत नाही हे मात्र सिद्ध झालं. मुलगी आपणहून एक वाक्य बोलली नाही.

१ जून, सोमवार

घरच्या होस्टेलात खरी कल्पना येत नाही, असा निष्कर्ष काढला आहे. घर शेवटी घर आहे, तिला इथं त्रास होणार कसा? चौदा तारखेला शाळेत नवीन मुलींचा मेळावा आहे. जुन्या मुली प्रश्नांना उत्तरं देतात. तिथं सगळं आपोआप उघडं पडेल. मला काही करावं लागणार नाही.

घंटा आता अर्पिताच वाजवते. मी उठत नाही म्हणून.

१४ जून, रविवार. संध्याकाळी

जाऊन आलो. एवढंच लिहून झोपणार होते, पण लिहूनच टाकते.

हॉल पोरींनी भरला होता. नववीच्या दोन मुली माइक घेऊन उभ्या. एका पोरीनं विचारलं, भूत आहे का? माइकवाली म्हणे, होतं, मेसमधली खिचडी खाऊन पळालं. वॉर्डनमॅडमनी डोळे मोठे केले, मग त्याच हसल्या. कोणी विचारलं मोबाइल ठेवता येतो का, कोणी विचारलं अंडी कधी मिळतात. एक बारकी पोर उठली आणि काही न विचारता रडत खाली बसली. तिच्या आईचा मला हेवा वाटला.

मी अर्पिताला कोपर मारलं. हळूच म्हटलं, पालींचं विचार. ती उभी राहिली. खणखणीत आवाजात म्हणाली, मॅडम, सुटीत घरी जाणं कंपल्सरी आहे का?

सगळा हॉल हसला. मॅडम म्हणाल्या, काही मुली सुटीत कबड्डीच्या शिबिराला थांबतात, पण घरच्यांची परवानगी लागते.

अर्पिताला बसच्या तिकिटाची काळजी आहे. लहान वयात केवढी समज! मी दुसरं काही मनाला लावून घेतलेलं नाही. परत येताना खिडकीजवळ बसले होते. दारव्ह्यापर्यंत बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही.

१६ जून, मंगळवार

सहज विचारलं. पीठ चाळता चाळता. म्हटलं, बाई, तिकिटाची चिंता करू नको, सुटीत आणायला मी येत जाईन.

ती म्हणाली, तिकिटाचं नाही.

मग कायचं?

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, घरी मी हसली का तू बाबाच्या फोटोकडे पाह्यतेस. मंग मले हसणं बंद करा लागते.

हे खरं नाही. यांचा फोटो गिरणीत स्विचबोर्डाच्या वर लावला आहे. बटण दाबताना नजर जाणारच. उद्या स्वतःवर लक्ष ठेवते आणि तिला दाखवून देते.

१७ जून, बुधवार

लक्ष ठेवलं.

बिजलीबाई आली होती. तिचा नवरा देवीलाल लग्नाला निघाला आणि भलत्याच तांड्यावर जाऊन पोहोचला. तिथंही लग्नच होतं. हा जेवला, नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, नवरीला आशीर्वाद दिला, आणि घरी येऊन बायकोला सांगतो, आपले सोयरे लय बदलले, एकही ओळखीचा दिसला नाही. अर्पिता पिठाच्या डब्यावर लवून लवून हसत होती.

मी फोटोकडे पाहिलं.

काचेवर पीठ उडालं होतं, म्हणून पाहिलं. उठून पुसलं. फडक्याला काही लागलं नाही.

मागे वळले तर अर्पिता हसायची थांबली होती. बिजलीबाईला कळेना, गोष्टीत काय चुकलं.

१८ जून, गुरुवार

प्रश्न सोपा होता. फोटो काढून आतल्या खोलीत नेला, पेटीवर ठेवला. आता पाहायला काही नाही, पोरीनं खुशाल हसावं.

दिवसभर खिळ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी अर्पितानं फोटो आणून परत लावला. म्हणे, बाबाले कायची शिक्षा?

२० जून, शनिवार

शेवटची तारीख. सकाळीच गावातल्या शाळेत जाऊन कन्फर्म करणार होते, पण गिरणीत गर्दी होती. दुपारी ऊन होतं. चारला निघाले. वाटेत विमलताईंकडे थांबले, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्या म्हणाल्या, गुडघा मागच्या सालीच बरा झाला, तू जाय.

धर्मपाल सर कंप्युटर उघडून बसले होते. म्हणाले, ताई, सकाळपासून वाट पाहून राह्यलो, मले वाटलं तुम्ही येतच नाही. मी म्हटलं, गर्दी होती. त्यांची बायको दुपारी दळण घेऊन आली होती, तेव्हा गिरणीत एक डबासुद्धा नव्हता. त्यांना ठाऊक असणार. त्यांनी पंख्याचं तोंड माझ्याकडे केलं.

मला वाटत होतं, नेट बंद पडेल. एरवी रोज बंद पडतं.

कन्फर्म झालं.

ती जायला अजून पाच दिवस आहेत. पोरांचं मन पाच दिवसांत कितीदा बदलतं.

२५ जून, गुरुवार

बदललं नाही.

रडायचं नाही असं ठरवलं होतं, रडले नाही. तिला होस्टेलात खिडकीजवळची खाट मिळाली. खाटेच्या बरोबर वर भिंतीवर पाल. मी किंचाळले. चार खोल्यांतल्या पोरी पाहायला आल्या. अर्पिता म्हणाली, आई, ती काय म्हणते तुले?

वॉर्डनमॅडमनी सगळ्यांना बसवून सांगितलं, पहिला महिना भेटायला यायचं नाही. मुली रुळतात, आयाच रुळू देत नाहीत. बाकीच्या आयांकडे पाहून बोलत होत्या.

मी अर्पिताची पांघरुणं तीनदा घडी केली. चौथ्यांदा हात लावला तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बाजूला ठेवला. रागानं नाही. म्हणाली, शेवटची गाडी चुकीन, जाय आता.

वेणी तिरपी होती. मी हात लावला नाही. हे लिहून ठेवते, कारण मी मनात आणलं तर किती कडक राहू शकते ते दिसावं.

२८ जून, रविवार. रात्री

आज फोनचा दिवस. मोटर सुरू असली तर रिंग ऐकू येत नाही, म्हणून सकाळपासून दळलंच नाही. लोकांना सांगितलं, पट्टा घासला आहे, घसरतो. तीन बाया डबे ठेवून गेल्या. बिजलीबाई पट्ट्याला हात लावून म्हणाली, चांगला तं दिसते. मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. वाईट बोलले.

फोन सहाला आला.

तिच्या बाजूच्या खाटेवरची मोनाली झोपेत पाढे म्हणते. सतरावर अडकते. मग सगळ्या खोलीतल्या पोरी अंधारात ओरडतात, सतरा साते एकशे एकोणीस! आणि ती झोपेतच थँक्यू म्हणून पुढे जाते. हे सांगताना अर्पिता इतकी हसली की शब्द फुटेना. मी असं हसणं… ऐकलं आहे, पण दोन वर्षांपूर्वी.

मग म्हणाली, आई, दिवाळीत कबड्डीचं शिबिर आहे, थांबू का? मॅडम विचारून राह्यल्या.

मी म्हटलं, आवाज येत नाही.

ती म्हणाली, आई, थांबू का?

मी म्हटलं, हॅलो, हॅलो. मग फोन ठेवला. तिकडे रेंजचा फार प्रॉब्लेम आहे.

पट्टा उद्या बदलूनच टाकते. दारव्ह्यात मिळतात ते कच्चे असतात, पुसदला चांगले मिळतात. भेटायला जायचं नाही हे मला माहीत आहे. मी पट्ट्यासाठी चालले आहे. शाळा वाटेवर आहे त्याला मी काय करू, आणि गेटजवळ उभं राहणं म्हणजे काही भेटणं नव्हे. डब्यात मुगवड्यांची भाजी आणि भाकरी बांधते. अर्पिताला आवडतात म्हणून नाही, प्रवासात भूक लागते. चार भाकरी जास्त होतील, पण भूक कधी कशी लागेल सांगता येत नाही.

३० जून, मंगळवार

काल सकाळच्या बसनं पुसदला निघाले आणि अर्ध्या वाटेत दिग्रसला उतरले. स्टँडवरून वॉर्डनमॅडमला फोन लावला, सांगितलं की दिवाळीत अर्पिता शिबिराला थांबली तर माझी हरकत नाही. बाकावर बसून मुगवड्या आणि दोन भाकरी खाल्ल्या, उरलेल्या दोन शेजारच्या म्हातारीला दिल्या. मग दारव्ह्याची बस लागली, तिच्यात बसले.