पायबंद पूर्ववत घालून मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख साहेब,
सरहद्द पोलीस ठाणे, वरची क्रुशारी,
प्रजासत्ताक बल्गेरिया.

अर्जदार : श्रीमती ब्लागा त्राय्कोव्स्का, वय ७४, काम घरचे व, फाटक उघडे होते तोवर, देवळाची झाडलोट, राहणार खालची क्रुशारी, उत्तर मॅसेडोनिया.

विषय : शिपाई वेसेलिन चाकरोव यांच्यावरील चौकशी बंद करून त्यांना कामावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) फाटकावर लावलेली आपली नोटीस.
२) अर्जदाराचा मागील अर्ज, जो भाषांतर जोडलेले नाही म्हणून परत आला.
३) आपल्या कार्यालयाचा हुकूम : ‘घटनेपूर्वीची स्थिती पूर्ववत करण्यात यावी.’

महोदय,

१. अर्जात ‘मी, मी’ करू नये, ‘अर्जदार’ म्हणावे, असे आमच्या पोस्टातल्या बाईंनी बजावले आहे, म्हणून अर्जदार तसे लिहीत आहे. सकाळचा दिवा लावून, संत पेत्काच्या तसबिरीपुढे माथा टेकून मगच ती लिहायला बसली आहे. रागाचा एकही शब्द लिहायचा नाही असा आजचा नेम आहे. चुकून एखादा उमटलाच तर तो वयाचा समजावा.

२. मागील अर्ज परत करताना आपल्या कार्यालयाने शेरा मारला की अर्ज परकीय भाषेत आहे, अधिकृत भाषांतर जोडावे. अर्जदार यावर वाद घालत नाही. मात्र आपल्याकडचे मोठे लोक रेडिओवर सांगतात की तुमची अशी वेगळी भाषाच नाही, ती आमचीच आहे, आणि हे कबूल केल्याखेरीज युरोपीय संघात तुम्हाला पाऊल टाकू देणार नाही. तेव्हा भाषांतर कशातून कशात करून आणायचे, तेही शेऱ्यात आले असते तर पोस्टातल्या बाईंना सोपे गेले असते.

३. क्रुशारी हे मुळात एकच गाव. सरहद्द आखणाऱ्यांनी रेघ ओढली तेव्हा झरा आणि शाळा खाली आमच्याकडे राहिली, देऊळ आणि दफनभूमी वर आपल्याकडे गेली. म्हणजे आमचे जिवंत लोक एका देशात आणि मेलेले सगळे आपल्या देशात. अर्जदाराच्या वडिलांच्या थडग्यावर त्यांचे आडनाव आपल्या पद्धतीने कोरले आहे, अर्जदाराच्या कागदांवर आमच्या पद्धतीने आहे. वडिलांनी अजून तक्रार केलेली नाही.

सणावाराला, मयताला, आणि पितरांना जेवण द्यायच्या शनिवारी मधले फाटक उघडत असे. कोणी कागद विचारत नसे. पण आमचा देश वीस वर्षे संघाच्या उंबऱ्यावर उभा आहे. दुसऱ्या एका शेजारी देशाच्या समाधानासाठी आमच्या देशाने आपले नाव बदलले. आता आपले सरकार म्हणते राज्यघटना बदला, मग आत या, आणि आमचे सरकार म्हणते, बदलणार नाही. मोठ्यांच्या या ओढाताणीत गेल्या मार्चात आपण आमच्या फाटकाला कुलूप घातलेत. नोटिशीत लिहिले : ‘वाटाघाटी सुरळीत होईपर्यंत बंद. पलीकडे सख्खे नातेवाईक हयात असल्यास फक्त त्यांच्या भेटीपुरते सोडले जाईल.’

अर्जदाराची धाकटी बहीण झोर्का वरच्या क्रुशारीत दिलेली. ती हयात होती तोवर अर्जदाराला सोडत होते. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली, आणि त्याच सकाळी अर्जदाराची सवलतही गेली. बहिणीच्या मयताला जायचे आहे म्हटले, तर आता तुमचे पलीकडे हयात कोणी नाही, असे उत्तर मिळाले. वरचा शेजारी स्तोइल तेव्हा आपल्या शिपायाला म्हणाला, “मेल्यावर नातं संपतं होय रे? मग माझ्या बायकोला सांगून ये. ती अजून स्वप्नात येऊन भांडते.” मोठ्या नाक्यावरून जावे तर पासपोर्ट लागतो. देशाचे नाव बदलल्यावर अर्जदाराचा जुना बाद झाला, आणि नव्यासाठीची पाळी अजून आलेली नाही.

४. अर्जदार आणि मयत झोर्का यांच्या जन्माची वर्षे वेगळी, पण महिना एकच, ऑक्टोबर. अशी भावंडे एकाच बेडीत जन्मतात, एक गेले की दुसऱ्याला ओढून नेते, हे आपल्या आजीनेही आपल्याला सांगितले असेल. म्हणून पुरण्याआधी मेलेल्याचा एक पाय आणि जिवंताचा एक पाय घोड्याच्या लोखंडी पायबंदात घालून कुलूप लावतात. जिवंताने मग एखाद्या तिऱ्हाइताला तीनदा साद घालायची, “देवाच्या आणि संत योहानाच्या साक्षीनं भाऊ हो, सोडव मला.” तो रक्ताचा नसावा, सोयरिकीतला नसावा, त्या महिन्यातला नसावा. तिसऱ्या सादेला तो ‘झालो’ म्हणतो, कुलूप उघडतो आणि जन्मभर भाऊ राहतो. त्याने दिलेला शब्द मागे घेतला तर बेडी पुन्हा पडली असे धरतात. पाद्री म्हणतात, हे पोथीत नाही. अर्जदारही बुधवार-शुक्रवारचे उपास पोथीप्रमाणे करते. पण आईने मरताना दोघींकडून हे वचन घेतले होते, आणि आईपुढे पाद्रीही गप्प बसत.

५. दफनभूमीची वाट फाटकावरून जाते. वरच्या लोकांनी झोर्काची उघडी पेटी फाटकाशी आणून गवतावर ठेवली. अर्जदार खालच्या बाजूला जमिनीवर बसली आणि फाटकाच्या आडव्या दांड्याखालून पाय पलीकडे सारला. पायबंद वडिलांच्या वेळचा, तोही दांड्याखालून वर दिला. स्तोइलने दोन्ही कडी चढवली, कुलूप घातले. मग ध्यानात आले की वरच्या क्रुशारीत उरलेली सगळी म्हातारी माणसे या ना त्या नात्याने आमचीच, पाद्रीसुद्धा. तिऱ्हाईत असा तिथे एकच होता : फाटकावरचा शिपाई वेसेलिन, लांबच्या समुद्राकाठच्या गावचा, नुकताच बदलून आलेला.

अर्जदाराने पहिली साद घातली. तो म्हणाला, “आजी, मी ड्युटीवर आहे. नातं जोडायची मला परवानगी नाही.” स्तोइल म्हणाला, “घ्या! हिनं आधी राज्यघटना बदलावी, मग हा भाऊ होणार.” लोक हसले, पण पेटी उचलता येईना आणि अर्जदाराला उठता येईना. वर ढग भरून आले होते, पाद्री आभाळाकडे बघत होते. झोर्काचा चेहरा उघडा, त्यावर वाऱ्याने केस येत होते, आणि ते बाजूला सारायला अर्जदाराचा हात पोचत नव्हता.

दुसऱ्या सादेला शिपायाने ठाण्यावर फोन लावला. आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकला. तो म्हणाला, “साहेब, इथं सरहद्दीवर दोन बायका अडकल्यात. एक जिवंत, एक मेलेली.”

पलीकडून विचारले, “त्यातली आपली कोणती?”

“मेलेली, साहेब.”

“मग तिला आत घ्या.”

“पाय एकात एक अडकलेत, साहेब.”

पलीकडून फोन ठेवला. त्या दिवशी आपण रजेवर असाल, असे अर्जदार धरून चालते.

६. मग अर्जदाराने तिसरी साद घातली. वेसेलिनने टोपी काढून गवतावर ठेवली आणि विचारले, “मी मार्चातला. चालतं का?” स्तोइल म्हणाला, “चालतं, पळतं. वाक आता.” तो गुडघ्यावर आला आणि म्हणाला, “झालो.” कुलूप गंजलेले होते. चावी फिरेना म्हणून त्याने दुसरा हात दांड्याखालून घालून अर्जदाराची पोटरी धरली. तो हात सरहद्दीच्या या बाजूला आला होता, हे खरे आहे. कॅमेऱ्यात दिसते तेही खरे आहे. अर्जदाराला एवढेच आठवते की तो हात गरम होता.

रीतीप्रमाणे अर्जदाराने भावाला सदरा दिला आणि ईस्टरचे एक लाल अंडे दिले. सकाळपासून उपाशी असावा, त्याने ते तिथेच सोलून खाल्ले. मग वरच्या लोकांनी झोर्काला नेले. तिच्या इच्छेप्रमाणे तिला फाटकाजवळच पुरले आहे. खालून लावलेला दिवा तिथून दिसतो.

७. आता आपल्या कार्यालयाने त्याला घरी बसवले आहे. आरोप असे कळतात : हद्दीपलीकडे हात घातला, परकीय नागरिकास मुक्त केले, संघाबाहेरचा प्राणिजन्य पदार्थ विनापरवाना आत घेतला व भक्षण केला. अंड्याची टरफले आणि कुलपाची चावी पुरावा म्हणून आपल्याकडे जमा आहेत. पायबंद अर्जदाराकडे राहिला.

८. यात अर्जदाराच्या हातून भर पडली. बहिणीचा चाळिसावा दिवस पितरांच्या शनिवारीच येतो. त्या दिवशी थडग्यावर गहू आणि भाकर द्यायला जाता यावे म्हणून तिने मागील अर्ज केला आणि त्यात मोठ्या आनंदाने लिहिले की नोटिशीप्रमाणे पलीकडे आता माझा एक भाऊ हयात आहे, शिपाई वेसेलिन चाकरोव, तरी सोडावे. तो अर्ज आपण परत केलात. पण त्याची नक्कल चौकशीत लावली, की हा शिपाई परदेशी बाईशी नाते असल्याचे लपवतो. भाषांतरावाचून जो अर्ज वाचता आला नाही, त्यातला तेवढा भाग मात्र वाचता आला.

९. परवा स्तोइल फाटकाशी येऊन ओरडला, “ब्लागा, तुझा भाऊ फार हट्टी निघाला! खरा तुमच्यातला शोभतो.” त्याने सांगितले ते असे. साहेबांनी वेसेलिनपुढे कागद ठेवला : ‘ते शब्द मी मनापासून उच्चारले नाहीत, ते मागे घेतो.’ सही केली की प्रकरण मिटणार. त्याने केली नाही. म्हणाला, “शब्द मागे घेतला आणि म्हातारीला काही झालं तर?” येत्या बुधवारी शेवटची सुनावणी आहे. तेव्हाही सही केली नाही तर नोकरी जाणार.

काल संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी अर्जदाराचा फोन वाजला. वेसेलिनची बायको एलित्सा, नंबर स्तोइलकडून घेतलेला. म्हणाली, “रीतीनं मी तुमची भावजय लागते म्हणे. मग वन्सं, तुम्हीच सांगा, मला सातवा चाललाय. तुमच्या जिवापायी माझी चूल विझवायची का?” अर्जदाराला देवाने आजवर भावजय दिली नव्हती. ‘वन्सं’ ही हाक चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली, ती अशी. अर्जदार म्हणाली, “नाही गं बाई, नाही विझवायची.” ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, “तुमचं अंडं फार चांगलं होतं म्हणत होता.” आणि फोन ठेवला.

१०. येथून पुढे अर्जदार न म्हणता मी म्हणते, कारण पाय माझा आहे.

साहेब, वेसेलिनला तो कागद पुन्हा दाखवू नका. तो सही करणार नाही. आणि केलीच, तर मेलेल्या माणसासमोर दिलेला शब्द मोडल्याचा बोल एलित्साच्या पोटातल्या लेकराने का घ्यावा? शब्द त्याने मागे घ्यायचा नाही. मीच तो परत करते. आज दिव्यासमोर उभी राहून मी त्याला भावपणातून मोकळे केले आहे, आणि फोनवरून पाद्री त्याला साक्षी आहेत. ते म्हणाले, “ब्लागा, असं सोडायची रीत नाही.” मी म्हटले, “धरायची तरी पोथीत कुठं होती?”

आपला हुकूम आहे की घटनेपूर्वीची स्थिती पूर्ववत करावी. वेसेलिनचा हात लागण्यापूर्वी स्थिती अशी होती : फाटक बंद, झोर्का वर, मी खाली, मधे पायबंद, आणि पायबंदाला कुलूप. तीच स्थिती मी आपल्याला करून देते. म्हणजे मग झालेच काही नाही, आणि न झालेल्या गोष्टीसाठी कोणाची नोकरी जात नाही.

येत्या बुधवारी सुनावणीच्या आधी मी फाटकाशी पायबंद घेऊन बसेन. एक कडे माझ्या पायात घालीन. दुसरे फाटकाच्या दांड्याला, झोर्काच्या बाजूने. चावीवाचून कुलूप लागत नाही आणि चावी आपल्याकडेच आहे, तेव्हा ते आपण येऊन घालावे. सरकारी हाताने लावलेल्या कुलपातून कोणाचे नाते जुळत नाही, याविषयी शंका नसावी. मग शनिवारी मी तिथेच असेन आणि दांड्याखालून गहू सारीन. पोचेल तेवढा पोचेल. त्यापुढे ओढून न्यायचे की ठेवायचे, ते झोर्का आणि देव बघतील. ती लहानपणीही मला कधी सोडून जेवली नाही.

आपण निर्धास्त यावे. मी साद घालणार नाही. तीनदा नाही, एकदाही नाही. आपला जन्म कोणत्या महिन्यातला, हेही विचारणार नाही.

खालच्या बाजूने हात जोडून,
ब्लागा त्राय्कोव्स्का
खालची क्रुशारी, दि. २६ मे

सोबत :
१) भाषांतर जोडलेले नाही. वाचून समजले नाही तर स्तोइलकडून वाचून घ्यावे.
२) लोकरी मोजे, अगदी लहान, एक जोड. एलित्साकडे पोचवावेत. लोकर प्राणिजन्य आहे हे खरे, पण मेंढी वरच्या कुरणात, म्हणजे संघातच चरलेली आहे.