माझ्या नावाचं येसर

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची चरित्रं लिहिताना लोकांना तारखा सापडत नाहीत. माझ्या सापडतील.
काल सोलापुरात ब्रँडिंगचं शिबिर केलं. सर म्हणाले, घरात जे उत्तम आहे त्याला नाव द्या, बाजारात उतरवा. रस्ताभर विचार केला. आमच्या घरात उत्तम काय? मी सोडून फक्त येसर.
अणदुरात कुठंही लग्न असो, आमटीला येसर आमच्याकडून जातं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, मसाला घालून दळायचं. बायको करते. एकतीस वर्षं करते आणि अजून मालाला नाव नाही. लोक 'शरणम्माचं येसर' म्हणतात. ह्याला ब्रँड म्हणत नाहीत.

५ फेब्रुवारी
नाव ठरलं. वीरप्पा. पुरुषी, वजनदार, शिवाय माझं. पुड्यावर माझा फोटो, मिशीसकट, हसताना.
शरणम्माला सांगितलं. ती म्हणाली, "करते म्या, मग नाव तुमचं कशाला?" अर्धा तास ब्रँड समजावून सांगितला. दिवसभर बोलली नाही. म्हणजे पटलं.

९ फेब्रुवारी
सर म्हणाले होते, नाव बाहेर नेण्याआधी दुसऱ्या भाषांत त्याचा अर्थ तपासा. एखाद्या मुलखात शिवी निघायची. शास्त्रशुद्ध तपासलं.
कन्नड: शरणम्माचा भाऊ कल्याणप्पा, आळंदला किराणा दुकान. फोनवर म्हणाला, "दाजी, वीर म्हंजे वीर, अप्पा म्हंजे बाप. वंगाळ काय न्हाय."
तेलुगू: हायवेवर एक ट्रकवाला थांबवून विचारलं. हरकत नाही म्हणाला.
इंग्रजी: मुलगी मोनिका म्हणाली, "पप्पा, इंग्रजीत तुम्हाला काहीच अर्थ नाही."
सर्व भाषांत नाव सुरक्षित. आता काही राहिलं नाही.

१ मार्च
उत्पादन. शरणम्मा एकेक धान्य मंद जाळावर भाजते. दिवसाला पाच किलो. अशानं मी नांदेडपर्यंत कधी पोचणार? सगळं एकत्र करून जळकोटच्या गिरणीत मशीनवर भाजून, दळून आणलं. एका दुपारीत हजार पुडे.
तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. म्हणाली, "गहू कच्चा ऱ्हायलाय. हवा दमट झाली की आळ्या पडतील ह्यात." बायकांना यंत्राची भीती असते.
नियम केला: ह्यापुढं घरात सुटं येसर करायचं नाही, ब्रँडचा घोटाळा होतो. तिची कढई माळ्यावर टाकली. ती डोळे पुसत होती. मिरचीचा खाट डोळ्यांत गेला असावा. पण मिरची तर जळकोटला होती.

१४ मार्च
तुळजापुरात बचत गटांचं प्रदर्शन. स्टॉलवर बाईच लागते, म्हणून तिला उभं केलं. प्रत्येकीनं माईकवर मालाचं नाव सांगायचं होतं. आठवडाभर एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं: खा वीरप्पा, व्हा वीर.
ती माईकपुढं गेली. पदर सावरला. म्हणाली, "खा... ह्यांचं."
बाई नवऱ्याचं नाव घेत नाही! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही मान खाली घालून. एकतीस वर्षं गरज पडली नाही म्हणून माझ्या ध्यानात नव्हतं. कानात सांगितलं, उखाण्यात तरी घे. म्हणाली, "रोज लगीन लागतंय व्हय?"
प्रमाणपत्र मिळालं. त्यावर सुवाच्य अक्षरात मालाचं नाव: ह्यांचं येसर.
संकल्प: महिनाभरात तिच्या तोंडून नाव घ्यायला लावणार. मालकीणच नाव घेत नसेल तर गिऱ्हाईक काय घेणार?

२० मार्च
गिऱ्हाईकही घेत नाही. दुकानदार शरणबसप्पानं हिशेब मांडला. गावात वीरप्पा अकरा. आजाचं नाव नातवाला ठेवतात. म्हणजे कुणाचा सासरा वीरप्पा, कुणाचा थोरला दीर, कुणाचा नवराच. बायका येतात, बोट दाखवतात आणि म्हणतात, "ते मिशीचं द्या." ज्यांना बोट दाखवायचीही लाज वाटते त्या शेंगदाणे घेऊन जातात. पुरुष नाव घेऊ शकतात, पण येसर आणायला पुरुष जात नाही.
उरलेल्या म्हणतात, "शरणम्माच्या मालकाचं द्या." तिथंही तीच.
खंडोबाच्या देवळात महिलांसाठी 'नाव घेण्याचे फायदे' हे व्याख्यान दिलं. चारजणी आल्या. चहा झाल्यावर गेल्या. चहा व्याख्यानाआधी द्यायला नको होता.

८ एप्रिल
गावाचा नाद सोडला. परराज्य. कल्याणप्पाकडं पन्नास पुडे पाठवले. त्याचा फोन, "वीरप्पा बंतु."
मला एवढं कन्नड कळतं. माणूस आला तर 'बंद'. म्हैस आली तर 'बंतु'. मी म्हणालो, बंद म्हण. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही आला तर बंद म्हणू की. पुड्याला कुठली आली मिशी?" मी म्हणालो, छापली आहे, नीट बघ.
माणसाला भाषा येते पण दृष्टी नसते.

२ मे
नळदुर्गच्या व्यापाऱ्यानं पुडे परत केले. म्हणाला, "चाचा, तुम्हारी वीरप्पा चलती नहीं. फीकी है."
म्हणजे हिंदीत बाई, कन्नडात म्हैस. आणि घरच्या मराठीत 'ते' वीरप्पा. हजार पुड्यांत एकदाही कुणी मला पुरुष म्हणालं नाही.
शरणम्मा अजून नाव घेत नाही. आज जेवताना सरळ बजावलं: तुझ्या हट्टापायी धंदा बुडतोय. तिनं भाकरी वाढली. सुधारते आहे.

१९ जून
पुड्यांत आळ्या. हवामान खात्याची चूक. एवढा दमटपणा अपेक्षित नव्हता. शरणबसप्पा भर रस्त्यात ओरडला, "वीरप्पात आळ्या झाल्यात, घेऊन जा!" गावातले बाकीचे दहा वीरप्पा रागावले आहेत.
पण एक फार चांगली गोष्ट. पारावर एका रिकामटेकड्या जावयाबद्दल कुणीतरी म्हणालं, "लई वीरप्पा हाय त्यो." मी अर्थ विचारला. म्हणाले, वरून मिशी, आतून आळी.
सर म्हणाले होते, नाव लोकांच्या बोलण्यात शब्द होऊन बसलं की ब्रँड जिंकला. चार महिन्यांत! मोनिकाला सांगितलं. ती आत निघून गेली. अभिमान लपवता येत नाही पोरींना.

२ जुलै
कढई माळ्यावरून खाली आली आहे. मी काढलेली नाही.
अंगणात खमंग वास. दोन लग्नांच्या ऑर्डरी, असं मोनिका म्हणाली. मी नियमाची आठवण करून दिली. शरणम्मा भाजत होती. आवाजात ऐकू गेलं नसावं. तीन वेळा आठवण करून दिली.

१३ जुलै, सकाळी ११
बनाबाई येसर न्यायला आली. गोठ्याशेजारी माझ्या पुड्यांची थप्पी बघून म्हणाली, ह्यातलंच दे की.
शरणम्मा मोठ्यानं म्हणाली, "ते नगं, बनाबाई. वीरप्पा नासलंय. वीरप्पा म्हशीफुडं टाकलं तर म्हशीनं तोंड फिरवलं. आता वीरप्पा उकिरड्यावर टाकायचं हाय."
तीनदा. स्पष्ट. पदर न सावरता.
मोनिका ओरडली, "आई, तू नाव घेतलंस!"
ती कढईतून वरही बघेना. म्हणाली, "माणसाचं कुठं घेतलं? मालाचं घेतलं." मग म्हणाली, "शेणाची पाटी तिथं हाय म्हणावं. दुपारच्या आत उचला."

दुपारी २
एकवीस पाट्या टाकून झाल्या. उकिरडाभर पुड्यांवर मी हसत पडलो आहे. हाताला लागले तेवढे पुडे पालथे घातले.