पाचव्या भोकाचे आटे

वाशिम
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीपा हिस,
मामाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही बरे आहोत. मंजूमामीचा गुडघा दुखतो, पण मला बोलायच्या वेळी तो आपोआप थांबतो. तुम्हा मायलेकींची खुशाली आसेगावहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद.

एका स्क्रूची खरी किंमत आज मांडून पाहिली. सतरा महिने. दोन ऑपरेशनं. डावा पाय पाऊण इंच आखूड. आणि पोलीस भरतीचे आठशे मीटर, जे तू तीन मिनिटांच्या आत मारत होतीस. पैसे यात धरले नाहीत. ते सगळ्यांत स्वस्त पडले.

तुला माहीत आहे, सरकारी दवाखान्यात मी हत्यारं धुवायला लागलो तेव्हा दहावी नापास होतो. ट्रेमध्ये कोणतं हत्यार पडलं ते पाठ फिरवून सांगायचो. पुढे हाडाच्या प्लेटा आणि स्क्रू पुरवायचा धंदा काढला, तिथेही कानच कामी आला. डॉक्टर स्क्रू पिळतात, मी कोपऱ्यात उभा. शेवटच्या फेऱ्यात स्क्रूच्या डोक्यावरचे आटे प्लेटच्या भोकातल्या आट्यांत उतरतात, आवाज बारीक होत होत एकदम बंद पडतो. मग मी म्हणतो, "बसला." म्हणजे कुलूप लागलं, स्क्रू आता प्लेट सोडत नाही. "प्रसेनजितभाऊ उभे असले की मला घोर नाही," असं डॉक्टर चार लोकांत म्हणायचे आणि मी चार दिवस फुगून फिरायचो.

त्या मोटारसायकलवाल्याने तुला उडवलं आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा थिएटरच्या दारात मी काय म्हणालो आठवतं? "भिऊ नोको वं. अकरा वर्षांत मामानं 'बसला' म्हटलेला एक स्क्रू हालला नाई." तू तशा दुखण्यातही हसलीस. "मामा, मले धावाचं हाय. तुमची जाहिरात मंग करजा."

तीन महिन्यांनी एक्स-रेत गुडघ्याकडची प्लेट उचललेली दिसली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "पोरीनं पाय लवकर टेकवला असंन." इतकं सहज निघालं तोंडातून, की मलाच खरं वाटलं. तुझ्या आईने ते धरून ठेवलं. "कायले टेकवला वं? इतकी काय घाई होती तुले?" तू रडत सांगत होतीस, "म्या नाई टेकवला. मामा, तुमी सांगा न हिले. संडासले बी वॉकर घेऊन जाऊन राह्यली मी." मी एक्स-रे खिडकीकडे धरून पाहत राहिलो.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे आलो होतो. मी बाहेर चहा घेत होतो. आत तू शेजारच्या भागिरथाकाकूला हळूच म्हणालीस, "टेकवला असंन म्या. झोपेत. मलेच याद नाई."

चहा अर्धा टाकून उठलो. तुझ्या आईला वाटलं, साखर कमी पडली.

धम्मदीपा, तू पाय टेकवला नव्हता.

भोक सरळ पडावं म्हणून प्लेटवर आधी एक नळी आट्यांनी बसवतात आणि तिच्यातून ड्रिल घालतात. माझ्या पेटीतली नळी झिजली होती, डुलायची. नवी खाली माझ्या गाडीत होती. पण ती आणून निर्जंतुक करायला तास गेला असता, आणि आपल्याच भाचीसाठी मी जुना माल आणला हे सगळ्या थिएटरला कळलं असतं. म्हटलं, "चालू द्या साहेब, मी ऐकतो ना." पाचवा स्क्रू तिरका गेला. आवाज बारीक झालाच नाही. कोरडा किर्र वाजला आणि अडकला. तिरका स्क्रूही हाताला घट्टच लागतो, फसवतो. डॉक्टरांनी विचारलं, "भाऊ?"

मी ऐकलं होतं. स्वच्छ ऐकलं होतं. तू हिरव्या कपड्याखाली पडलेली, आणि मी म्हणालो, "बसला."

सहाव्यालाही तेच म्हणालो.

दुसऱ्या ऑपरेशनात नागपूरला काढलेली प्लेट मी कंपनीला दाखवतो म्हणून तुझ्या आईकडून मागून घेतली होती. कोणालाच दाखवली नाही. वर्षभर माझ्या खणात होती, ती या पत्रासोबत पाठवतोय. पाचव्या आणि सहाव्या भोकाचे आटे एका बाजूने चपटे झालेत, नखाला कळतात. आईचं बोट धरून त्यावरून फिरव. मग वकिलाकडे ने, डॉक्टरांपुढे ठेव, जिथे न्यायची तिथे ने. हे पत्र माझ्या हातचं आहे, खाली सही आहे.

याने पाऊण इंच भरून येणार नाही. भरती तर गेलीच. थिएटरला जाणं मी सोडलं. उभा राहिलो तरी प्रत्येक स्क्रू मला कोरडाच वाजायचा.

मामा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

प्रसेनजित

ता. क. त्या अकरा वर्षांचं राहिलं. ऑपरेशन झालं की मी पेटी उचलून पुढच्या गावाला निघायचो. नंतरचा एक्स-रे मी कधी कोणाचा पाहिला नव्हता. तुझा पहिला.