गच्चीवरचे तुषार

२ मार्च
आज रुजू झाले. हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावरची ही खोली आता माझी लॅब. एक मायक्रोस्कोप, एक इनक्युबेटर, मोठी खिडकी, आणि आधीच्या बाईंनी सोडलेला चहाचा कप. त्यात बुरशीने छान संसार थाटलाय. पाण्यात, नळांत, एसीच्या टाक्यांत कोणते जंतू राहतात ते शोधायचं, हे माझं काम. मावशीला फोन केला. लहानपणापासून तिनेच मला वाढवलं, पण मी शिकले काय, ते तिला अजून सांगता येत नाही. शेजारणीला म्हणाली म्हणे, भाचीला किडे मोजायला ठेवलंय.

६ मार्च
गच्चीवर एसीच्या दोन टाक्या आहेत. इमारतीची उष्णता घेऊन आलेलं पाणी तिथे पंख्याखाली गार होतं आणि त्याचे तुषार चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उतरतात. पेशंट तिथे खुर्च्या टाकून बसतात. दोन नंबरच्या टाकीच्या कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत थर निघाला. पंपवाले काका म्हणाले, जंतुनाशक दोन महिने आलेलंच नाही, मागणीचा कागद हॉस्पिटलच्या व्यवस्थापक साहेबांच्या टेबलावर पडलाय. नमुना घेतला.

९ मार्च
मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. मीच हट्टाने तिला इथे आणलं, म्हटलं माझ्या डोळ्यांसमोर राहील.

१५ मार्च
टाकीच्या नमुन्याच्या प्लेटवर जंतूंच्या करड्या-पांढऱ्या वसाहती. हा जंतू पाणी पिऊन सहसा बाधत नाही, तुषारांबरोबर श्वासात जातो. टाकीतला अमिबा त्याला गिळतो, पण तो पचत नाही. आत वाढतो आणि अमिबाला फोडून बाहेर येतो. आपल्या फुप्फुसातल्या रक्षक पेशींचंही तो हेच करतो.
साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार आहे आणि मी अजून प्रोबेशनवर आहे, याची आठवण दिली. मग म्हणाले, "पुन्हा तपासा. तोवर 'आढळला नाही' लिहा."
तसं लिहून मी सही केली.
धावत खाली गेले. मावशी गॅलरीतच होती. चार दिवस रोज बसतेय, फुकटात समुद्रकिनारा मिळालाय म्हणाली. सर्दी होईल असं सांगून तिला आत आणलं. बाकीच्या सहा खुर्च्यांवरच्या माणसांना काहीच सांगितलं नाही.

१९ मार्च
मावशीला ताप, खोकला. गॅलरीतल्या आणखी दोघांना तेच.

२१ मार्च
डॉक्टरांनी पाण्याची फाईल मागवली. माझी सही बघून म्हणाले, पाणी ठीक आहे, म्हणजे साधा न्यूमोनिया असावा. नेहमीचं औषध सुरू केलं. या जंतूवर ते चालत नाही. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं आणि—
साहेब दारात होते.

२२ मार्च
सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी औषध बदललं. एवढंच विचारलं, "काल का नाही बोललात?"
टाकी बंद करायला त्यांना लेखी अहवाल हवाय.

२३ मार्च
मावशी गेली. सव्वादहाला. शेवटी मला म्हणत होती, तू दमलेली दिसतेस, जरा बस.
वर गच्चीवर टाकीचा पंखा चालूच.

२५ मार्च
मलाही हुडहुडी. रोज गच्चीवर जात होते ना— नमुने—
अहवाल लिहायला बसले. अक्षरं दिसेनात. कुणीतरी खाली आणून झोपवलं. चौथा मजला.

२७ मार्च
ऑक्सिजनचा मास्क लावलाय. काल अकरावा पेशंट आला म्हणे. टाकी चालू. कागदावर अजून माझी जुनी सही—

२८
साहेब आले. या महिन्याचा अहवाल टाइप करून आणलाय, निकालाची ओळ तेवढी कोरी. ती माझ्या अक्षरात हवी म्हणतात. काय लिहायचं ते सांगून, पेन ठेवून बाहेर थांबलेत.
मी बोलायला गेले, दम—
हात फार कापतोय. आधी इथे गिरवून बघते, मग त्या कागदावर—
टाकी क्रमांक दोन. जंतू आढळ