प्लायवूडच्या पलीकडचा साक्षीदार

मी, कमलाकर रावजी गिड्डे, वय वर्षे एकोणसत्तर, मूळचा मोडनिंबचा, हल्ली राहणार जुळे सोलापूर, धंदा आधी रेडिओ दुरुस्ती, मग कॉम्प्युटरच्या तारा ओढणे आणि आता झेरॉक्स, माझ्या पश्चात काय कुणाचं ते या कागदावर ठरवून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉ. इंद्रजीत यांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. पत्नी सौ. प्रेमला हिने तो वाचून विचारलं की, मला चाळीस वर्षांत जे ठरवता आलं नाही ते डॉक्टरांनी एका बैठकीत कसं ठरवलं. दाखला बुद्धीचा आहे, हृदयाचा नाही. हृदय कमी जोराने चालतं असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून ही घाई.

हे लिहिताना माझ्यावर कुणाचं दडपण नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

कलम १. जुळे सोलापुरातलं घर प्रेमलाचं. तिच्यामागे चिरंजीव राजस आणि कन्या श्रावणी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. घराचं वायरिंग मी स्वतः केलेलं आहे. न्हाणीघरातला दिवा स्वयंपाकघरातल्या बटणावर लागतो आणि त्यावरून या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून झाली नाहीत. माझी आठवण म्हणून ते तसंच ठेवू नये. तेराव्यानंतर लगेच वायरमन बोलवावा.

कलम २. मोडनिंबची दीड एकर जमीन, जी मी स्वतःच्या कमाईतून घेतली, ती थोरली बहीण बजाबाई हिला. आयुष्यात मी उघडलेला पहिला रेडिओ तिचा. लग्नात मिळालेला होता. आत कोण बोलतं ते बघायला मी तो उघडला आणि त्यानंतर त्यात कुणीच बोललं नाही. सासरी तिने सांगितलं की उंदरानं वायर खाल्ली. त्या उंदराने पुढे सोलापुरात दुकान टाकलं. जमीन घेताना ती नको नको म्हणेल, तेव्हा तिला उंदराची शपथ घालावी.

कलम ३. माझ्या धंद्यातली मुख्य वस्तू म्हणजे माझे कान, आणि ते कुणाला देता येत नाहीत. रेडिओ कुठे बिघडला ते मी खोलण्याआधी ऐकून सांगायचो. पुढे मोडेम आला. कॉम्प्युटरमधलं पत्र टेलिफोनच्या तारेवरून पुण्याला पाठवायची ती डबी. लाइन लागताना ती आधी शिट्टी मारायची, मग घसा खाकरायची, मग कढईत मोहरी टाकल्यासारखी तडतडायची. तडतड कशी आहे त्यावरून पत्र जाईल की नाही ते मी पडद्याकडे न बघता सांगत असे. चादरींचा माल परदेशी पाठवणारे शेठलोक त्यासाठी दुकानात उभे राहायचे. एकदा सगळ्यांसमोर डोळे मिटून, हात वर करून मी म्हणालो, "लागली." शेजारच्या खोलीतला फॅक्स होता. त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवतो.

तो मोडेम राजसला. तो पुण्यात कॉम्प्युटरचंच काहीतरी करतो. मला त्याने तीन वेळा समजावून सांगितलं. तार दिसत नाही एवढं कळलं.

कलम ४. आता नवी पेठेतला गाळा. याच्यासाठीच हे सगळं लिहितो आहे, वरची कलमं तोंड धुण्यापुरती.

गाळा दोघांच्या नावावर आहे, निम्मा माझा आणि निम्मा माझे भागीदार श्री. आदिनाथ माधव पुराणिक यांचा. मधोमध प्लायवूडची भिंत आहे. अलीकडे माझं झेरॉक्स, पलीकडे आदिनाथ बसून दुकानदारांचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवतो. भिंतीला खाली एक भोक आहे आणि त्यातून काळी तार जाते. तारेच्या दोन टोकांना दोन जुनी मशिनं आहेत. त्यांच्यावर 'सांगावा' चालतो.

सांगावा म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पत्र पाठवायचा प्रोग्राम. हापिसात शिपायाने चिठ्ठ्या घेऊन धावायचं बंद व्हावं म्हणून आम्ही तो काढला. आम्ही म्हणजे आदिनाथने. त्याने तो एकट्याने, बेसिक या शिकाऊ पोरांच्या संगणकभाषेत लिहिला. मी तारा ओढल्या आणि गिऱ्हाईकं ओढली. तारा जास्त यशस्वी झाल्या.

शहाण्णव साली एका सहकारी साखर कारखान्याने प्रोग्राम बघायचा ठरवला. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या हापिसातली सगळी मशिनं मी एका काळ्या तारेवर माळेसारखी ओवली. त्या तारेच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी एकेक धातूची टोपी असते. टोपी नसेल तर टोकापर्यंत गेलेला निरोप भिंतीवर आपटल्यासारखा मागे येतो, सगळा गोंधळ होतो आणि एकाही मशीनला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा दोन वर्षं तारा ओढत असूनही मी समजत होतो की टोपी धूळ जाऊ नये म्हणून असते.

संचालक मंडळ दसऱ्याच्या मुहूर्तावर येणार होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी विळा, कुदळ, पाना, सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची आणि मग त्यांना हात लावायचा नाही, अशी रीत. मी कारखान्याच्या हापिसात उभा राहून शिपायांना भाषण दिलं की मशीन काय आणि कुदळ काय, पोटाला देतं ते हत्यार. मशिनं घासता येत नव्हती. म्हणून दोन्ही टोप्या काढल्या, चिंचेने लख्ख केल्या, घरून आणलेल्या ताम्हणात ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार मध्येच उचलायचं कसं, म्हणून त्या तिथेच ठेवल्या.

दसऱ्याला संचालक आले. आदिनाथने पहिला निरोप लिहिला, 'चेअरमनसाहेबांचे स्वागत', आणि पाठवला. तो पोचला नाही. परत पाठवला, परत नाही. आदिनाथला वाटलं प्रोग्राममध्ये चूक आहे. भजी आली, खाऊन झाली, चहा झाला, आणि हा सगळ्यांसमोर टेबलाखाली जाऊन, वर येऊन, स्वतः लिहिलेली ओळ न् ओळ तपासतो आहे. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याच्या मागे उभा राहून वारा घालत होतो. एक संचालक म्हणाले, "दसरा आला तरी मशिनीचा नवरात्राचा उपास सुटला नाय जणू." तेवढ्यात शिपाई ताम्हण घेऊन आला आणि त्याने विचारलं, "मालक, ही बोंडं देवाची का मशिनीची?"

अख्खं मंडळ हसलं. मीही हसलो, ती माझी दुसरी चूक. आदिनाथने पँटीची धूळ झटकली आणि मला म्हणाला, "कमळ्या, तुझ्याशी तोंडाने बोलून काही उपयोग नाही. यापुढे काय असेल ते सांगाव्यात लिही."

तो त्याचा मला उद्देशून शेवटचा शब्द. पुराणिक मास्तरांचा मुलगा आहे, बोलला ते पाळतो.

कारखान्याने प्रोग्राम घेतला नाही, नारळ दिला. पुढे फुकट ईमेल आली आणि आमचं दुकान झेरॉक्सवर आलं. पण सांगावा बंद पडला नाही. या पृथ्वीवर त्याचे दोन वापरकर्ते आहेत आणि दोघांमध्ये एक प्लायवूड आहे. मी लिहितो, 'चहा?' तो लिहितो, 'अर्धा.' मी लिहितो, 'लाइट गेली तर काय?' तो लिहितो, 'तर हे पोचणार नाही.' दिवाळीला तो आमच्याकडे जेवायला येतो, सगळ्यांशी गप्पा मारतो आणि प्रेमलाला म्हणतो, "वहिनी, यांना म्हणावं मीठ इकडे सरकवा." मी सरकवतो. मिठाबद्दलची तक्रार दुसऱ्या दिवशी सांगाव्यात येते.

एकदा मी त्याला मोबाईलवर निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर सांगाव्यात आलं: 'ज्या घराची किल्ली आपल्याकडे नाही तिथे मी निरोप ठेवत नाही.'

दोन वर्षांपूर्वी त्याचा कीबोर्ड मध्येच थांबला. तो रागात कसा टाइप करतो, पोट भरल्यावर कसा, मला सगळं ऐकू येतं. हे थांबणं निराळं होतं. मी काय केलं? मी लिहिलं, 'काय झालं?' आणि उत्तराची वाट बघत बसलो. मग अक्कल आली आणि रस्त्यावरून वळसा घालून धावलो. तो कीबोर्डवरच कोसळला होता. दवाखान्यात स्ट्रेचरवर त्याने डोळे उघडले, मी दिसलो, परत मिटले. श्रावणी जवळ होती. तिला म्हणाला, "बाबांना सांग, माझं मशीन नीट बंद करा म्हणावं."

आदिनाथ एकटा आहे. लग्न केलं नाही, भाऊबंद लांब. मी गेल्यावर तो सकाळी येईल, मशीन लावेल, 'चहा?' येण्याची वाट बघेल. राजसच्या मते गाळा मोबाईलवाल्याला विकावा आणि काकांना एक चांगला फोन घेऊन द्यावा. राजस वाईट नाही. त्याला फक्त तार दिसत नाही.

सबब, गाळ्यातला माझा निम्मा हिस्सा मी श्रावणीला देतो. ती करकंबला शाळेत शिकवते, पण तिची बदली सोलापूरला होते आहे. आदिनाथ हयात असेपर्यंत हा हिस्सा विकू नये आणि भाड्यानेही देऊ नये. प्लायवूड, तार आणि माझ्या बाजूचं मशीन जागेवर राहावं. शाळा सुटली की तिने तिथे बसावं आणि काका काय लिहितील त्याला उत्तर द्यावं. गोड लिहू नये, त्याला संशय येईल.

कलम ५. तारेच्या टोकांच्या टोप्या तारेलाच राहतील. खंडेनवमीला मशीनला हार घालावा, बंद ठेवावं. टोपीला कितीही भाविक माणसाने हात लावू नये.

कलम ६. ते ताम्हण मेहुणे शिवराज यांना. एकोणतीस वर्षं प्रत्येक लग्नात त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि दरवेळी टोप्यांची संख्या वाढवली. मागच्या लग्नात त्या अकरा झाल्या. यापुढे पुरावा हातात धरून सांगावी. अकरा टोप्या त्यात मावतात का तेही बघावं.

कलम ७. आदिनाथला मी काहीही देत नाही. त्याचा निम्मा गाळा त्याचाच आहे, बाकी माझं काही त्याने घेतलं नसतं. खरं कारण निराळं आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, हे बरं, असं वकील ऋतुजाताई म्हणाल्या. आणि साक्षीदार मला तोच पाहिजे. साक्षीदाराने समोर असावं लागतं, मी सही करताना बघावं लागतं, तारेवरून चालत नाही. मी त्याला सांगाव्यात कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'येईन. बोलणार नाही.'

साक्षीदाराने मृत्युपत्र वाचलंच पाहिजे असं नाही. पण आदिनाथ एसटीच्या तिकिटाची मागची बाजूही वाचतो, म्हणून प्रत त्याच्यापुढे ठेवावी. सही गाळ्यातच, माझ्या बाजूला होईल, आणि दिवस मी खंडेनवमी ठरवला आहे. त्या दिवशी मशिनं बंद असतात.

एवढंच मागतो. त्याचा आवाज मी रोज ऐकतो, दुसऱ्यांशी बोलताना. माझ्याकडे तोंड करून आलेला एक शब्द ऐकायचा राहिला आहे. नाही आला तरी वरची सगळी कलमं तशीच लागू राहतील.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

स्थळ: सोलापूर
दिनांक: १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

मृत्युपत्र करणार: कमलाकर रावजी गिड्डे (सही)

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १: डॉ. इंद्रजीत (सही, शिक्का)
साक्षीदार २: आदिनाथ माधव पुराणिक (सही)

दुरुस्तीची नोंद (वकिलांच्या हातची): कलम ४ मध्ये 'बेसिक या शिकाऊ पोरांच्या संगणकभाषेत' हे शब्द खोडून 'सी या संगणकभाषेत' असे वाचावे. खाडाखोडीवर मृत्युपत्र करणार व दोन्ही साक्षीदार यांच्या आद्याक्षरी सह्या आहेत. दुरुस्तीचं कारण असं: साक्षीदार क्रमांक २ यांनी मजकूर वाचताना कलम ४ पाशी पेन खाली ठेवलं आणि मृत्युपत्र करणार यांच्याकडे वळून म्हणाले, "सी मध्ये लिहिलाय, गाढवा. बेसिकमध्ये कधी लिहिला मी?" मृत्युपत्र करणार यांना ही चूक आधीपासून माहीत होती का, असं मी विचारलं. ते डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "लागली."

सह्या झाल्यावर साक्षीदार क्रमांक २ आपल्या बाजूला परत गेलेले नाहीत. टोप्यांना चिंच लावायची काय गरज होती, यावरून त्या दोघांचा वाद अद्याप चालू आहे, म्हणून मी ही नोंद इथे थांबवते.

अॅड. ऋतुजा (सही)